वजन उतरवायचं तर जोर ताटावर की पायांवर? (गोव्यातल्यांनी विशेष लिहावं)

मांडवीकाठ
घरातल्या एका वादाचा निकाल हवा आहे. आमच्या ह्यांचं म्हणणं असं की रोज घाम गाळला की खाल्लेलं सगळं जिरतं. सकाळी मित्रांबरोबर मिरामारच्या किनाऱ्यावर चालतात आणि परतताना सगळे मिळून भाजी-पाव, एखादी तळलेली मिर्ची, चहा. वजन वर्षभर जिथल्या तिथे. माझं उलट. चालायला वेळच मिळत नाही, म्हणून रात्रीचा भात आणि पाव बंद केला. काटा खाली आला, पण पणजीतल्या आल्तिन्हो टेकडीचा चढ चढताना मांड्या थरथरतात, केस गळतायत आणि सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, सून सुकली.

चाळिशी ओलांडलेल्या माणसाने पोट कमी करायला नेमका जोर कशावर द्यावा? 'आहार ८० टक्के, व्यायाम २० टक्के' म्हणतात त्याला काही आधार आहे का? एक विनंती, क्विनोआ आणि अवोकाडो सांगू नका. आमच्या घरात शीत (भात), हुमण (माशाची कढी), पाव आणि नारळ आहे आणि तेच राहणार.

पदेराचा_भोंपू
पाव बंद केला असं उघड लिहिता आणि वर मदत मागता? समस्त पदेरांतर्फे, म्हणजे पाववाल्यांतर्फे, निषेध.

फोंडेकर
तुमच्या ह्यांचा हिशोब करून देतो. सत्तर किलोचा माणूस तासभर बऱ्यापैकी झपाझप चालला तर अडीचशे ते तीनशे कॅलरी खर्च होतात. त्यातल्या सत्तर-ऐंशी तो घरी पेपर वाचत बसला असता तरी गेल्याच असत्या. म्हणजे चालण्याची खरी कमाई दोनशेच्या आसपास. आता खर्चाची बाजू. मोठा चमचाभर तेल म्हणजे १२० कॅलरी, आणि कढईतून निघालेली मिर्ची किती तेल पिते हे ती कागदावर ठेवल्यावर दिसतंच. वर दोन पाव, रसदार भाजी, साखरेचा चहा. दोनशेची कमाई कॅफेच्या दारातच संपली.

माझं मत: वजन खाण्यावर ठरतं. व्यायाम तब्येतीसाठी करा, वजनासाठी नको.

जिम_म्हापसा
फोंडेकर बाब, अर्धवट सांगताय. नुसतं कमी खाऊन उतरलेलं वजन म्हणजे चरबी आणि स्नायू दोन्ही गेले. ताईंच्या मांड्या थरथरतात त्या उगाच नाही. प्रोटीन वाढवा, आठवड्यातून दोन-तीन दिवस वजनं उचला. चालणं ठीक आहे, पण त्याला व्यायाम म्हणू नये, तो गप्पांचा कार्यक्रम असतो.

मिरामार_सकाळ
'गप्पांचा कार्यक्रम' याचा निषेध. आम्ही फक्त भरती-ओहोटी, राजकारण आणि जावई या तीनच विषयांवर बोलतो.

ओपीडीनंतर
जनरल फिजिशियन आहे, म्हणून थोडं सविस्तर.

८०-२० हा मोजून काढलेला आकडा नाही, लक्षात राहतो म्हणून फिरतो. रोख मात्र बरोबर आहे. वजन उतरायच्या काळात आहाराचा वाटा मोठा असतो, कारण पाचशे कॅलरी न खाणं हे पाचशे कॅलरी जाळण्यापेक्षा फार सोपं आहे. पण म्हणून व्यायाम 'वजनासाठी नको' हे फोंडेकरांचं वाक्य मला पटत नाही. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही चालते. निदान तेरा-साडेतेरा किलो उतरवून ते वर्षभर तरी टिकवलेल्या लोकांची नावं तीत आहेत. त्यांतले बहुतेक जण रोज तासाभराच्या आसपास शारीरिक हालचाल करतात. उतरवणं आणि टिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्यात आपली माणसं जास्त हरतात.

जिमवाल्यांचं स्नायूंबद्दलचं म्हणणं बरोबर. चालण्याबद्दलचं नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते आणि झपाझप चालणं त्यात धरते. शिवाय निदान दोन दिवस स्नायूंना ताण देणारे व्यायाम. दोन्ही हवेत. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी रक्तातली साखर कमी चढते, ते वेगळंच.

आता काट्याबद्दल. २००४ साली पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच फोटो शेजारी-शेजारी छापले. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) एकच, २२.३. शरीरातली चरबी युडकिनना ९.१ टक्के आणि याज्ञिकांना २१.२. अंगाने बारीक दिसणारा आपला माणूस आतून चरबी बाळगून असतो, ती पोटात साठते आणि मधुमेह लवकर येतो. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ च्या वर गेला की जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. घरी मोजायचं तर कमरेचा घेर मोजा. पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८० ही मर्यादा.

मांडवीकाठ ताई, केस गळणं आणि थकवा आहे, तेव्हा हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड आधी तपासून घ्या. इथल्या सल्ल्यावर थांबू नका.

वेर्णे_नाईट
डॉक्टर, रात्रपाळीवाल्यांनी काय करायचं? औद्योगिक वसाहतीत आहे. पहाटे कँटीनला सामोसा-चहाशिवाय काही नसतं. घरी येऊन झोपायचं तर बाहेर कोंबडे, लाऊडस्पीकर आणि बांधकाम. जाग आली की आधी फ्रीज उघडतो.

ओपीडीनंतर
झोप अपुरी झाली की भूक वाढते, गोड-तळलेलंच हवंसं वाटतं. रात्रपाळी सुरू व्हायच्या आधी घरी नीट जेवा, डब्यात उकडलेली अंडी किंवा चणे न्या, पहाटे फक्त चहा. खिडकीला जाड पडदा लावा. कोंबड्यांवर माझ्याकडे औषध नाही.

जिम_म्हापसा
कोंबड्यांवर माझ्याकडे आहे. कोंबडीची शागुती. प्रोटीनही मिळतं.

पेडण्याचा_आजोबा
आमच्या काळी कुणी कॅलरी मोजल्या नाहीत. सकाळी शेतात, दहा-अकराला उकड्या तांदळाची पेज आणि तोंडाला तोर (खारातली कैरी) किंवा सुका बांगडा, दुपारी शीत-हुमण, संध्याकाळी पुन्हा काम. पोट सुटलेला माणूस गावात एकच, जमिनीचा मालक भाटकार. आता तिंठ्यावर दूध आणायला पोर स्कूटर काढतो, घर ते दुकान नजरेच्या टप्प्यात असताना! अंगमेहनत गेली, म्हणून वजन आलं. यात ताटाचा काय दोष?

फोंडेकर
आजोबा, आदर राखून सांगतो, हे दिसतं तितकं सरळ नाही. टांझानियात हाडझा नावाचे लोक अजून शिकार करून, कंदमुळं खणून जगतात. हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये त्यांचा दिवसभरातला ऊर्जेचा खर्च मोजला. शरीराच्या आकारमानाचा हिशोब केल्यावर तो खुर्चीत बसणाऱ्या पाश्चात्त्य माणसांएवढाच निघाला. शरीर एकीकडे जास्त खर्च झालं की दुसरीकडे हात आखडतं. तुमच्या काळी लोक बारीक होते ते मुख्यतः खायला मोजकं होतं म्हणून. तेल बाटलीतून थेंबांनी पडायचं आणि साखर पाहुणा आला की निघायची.

पेडण्याचा_आजोबा
टांझानियाला जायची गरज नाही. माझ्याबरोबर एक दिवस नांगरणीला ये. संध्याकाळी हात कोण आखडतो ते बघू.

शिवराक_सोमवार
😂 आजोबांना माझं मत.

बांदोड्याची_सून
मूळ धाग्यात नारळ आला आहे, त्याबद्दल कुणीच बोलत नाही. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात तीस ग्रॅमच्या वर चरबी आणि साडेतीनशे कॅलरी असतात. आमच्याकडे चौघांच्या हुमणाला अख्खा नारळ पडायचा. आता अर्धा घालते आणि दाटपणासाठी थोडे धणे आणि कांदा जास्त वाटते. कोणाला कळलं नाही. सासऱ्यांना कळलं, पण ते बोलले नाहीत. सोलकढीला मात्र पहिला रस लागतोच, तिथे तडजोड नाही, म्हणून ती वाटीभरच. नुस्तें (मासे) रव्यात घोळून तळण्याऐवजी तव्यावर थोड्या तेलात. बांगडा मुळातच तेलकट, त्याला आणखी तेलाची गरज नसते.

शिवराक (शाकाहारी) दिवशी अळसांद्यांचं (चवळीसारख्या कडधान्याचं) तोणाक, मुगागाठी, कुळथाचं काहीतरी. नुसतं 'भात-डाळ-लोणचं' म्हणजे शिवराक नव्हे, त्यात प्रोटीन कुठे आहे?

शिवराक_सोमवार
आणि सोमवारच्या उपासाची साबुदाण्याची खिचडी कुठल्या खात्यात लिहायची?

बांदोड्याची_सून
पुण्याच्या.

उकडो_कोरगुट
भाताला उगाच बदनाम करता. एक वाटी शिजलेला भात साधारण दोनशे कॅलरी, तेवढाच. वाईट आहे तो भाताचा डोंगर. हायवेवरच्या फिश थाळीत बघा, भात परातभर आणि माशाची तुकडी बोटाएवढी. वाढप उलट करा, नुस्तें आणि भाजी जास्त, शीत कमी. उकडा तांदूळ तुसासकट उकडलेला असल्याने साध्या पांढऱ्या तांदळापेक्षा त्यात ब जीवनसत्त्वं जास्त टिकतात, आणि लवकर भूकही लागत नाही. पेज तर त्याहून बरी. थोड्या तांदळात पोट भरतं कारण निम्मं पाणी असतं. माझ्या मते रात्री पेज, तांबडी भाजी आणि मासा एवढं जेवणाऱ्याला डाएटिशियनची पायरी चढावी लागणार नाही.

पावात कोंड्याची पोळी (पोई) बरी म्हणतात, पण अलीकडे बऱ्याच ठिकाणी आत सगळा मैदा आणि वर कोंडा भुरभुरलेला. फोडून आतला रंग बघून घ्या.

पदेराचा_भोंपू
भुरभुरणाऱ्यांशी आमच्या भट्टीचा संबंध नाही.

ठाण्याहून_मडगावात
आमच्या घरात दोन पंथ आहेत. सासरे डॉ. जगन्नाथ दीक्षितांचे: दिवसातून दोनदाच जेवण, ५५ मिनिटांत आटपायचं आणि ४५ मिनिटं चालायचं. जाऊबाई ऋजुता दिवेकरांच्या: दर दोनेक तासांनी थोडं थोडं, तूप सोडायचं नाही, गावचं तेच खायचं. दोघांचंही वजन उतरलं आणि दोघंही एकमेकांना मूर्ख समजतात. माझं वजन मात्र वाढलं, कारण ह्या दोघांच्या मध्ये स्वयंपाकघर कधी बंदच होत नाही.

ओपीडीनंतर
दोन्हींमध्ये बिस्किटं, फरसाण, गोड चहा आणि टीव्हीसमोरचं चरणं बंद होतं. वजन बहुतेक तिथेच उतरतं. जे वर्षभर निभेल ते घ्या. फक्त मधुमेहाची औषधं, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांनी दोन जेवणांचा प्रयोग स्वतःच्या मनाने करू नये, साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते.

काजूचा_हंगाम
एक नाजूक प्रश्न. मार्च ते मे उर्राक (काजूची हंगामी दारू) आणि एरवी फेणी. हे कोणत्या पंथात बसतं?

फोंडेकर
अल्कोहोलच्या एका ग्रॅमला ७ कॅलरी. पिठाला आणि साखरेला ४, चरबीला ९. साठ मिली फेणी म्हणजे १४० च्या आसपास. त्यात गोड लिंबूसोडा ओतला की दर १०० मिलीला आणखी दहाएक ग्रॅम साखर. आणि पेल्याशेजारची बशी कुणी मोजतच नाही. तळलेली सुंगटां (कोळंबी), चोरीस (सॉसेज), खारे काजू.

काजूचा_हंगाम
प्रश्न विचारायलाच नको होता.

कॅप्टन_कुळागर
उर्राकाचं दर्दी लोकांनी असं वाटोळं करू नये. उर्राक साध्या सोड्यात, लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली मिरची घालून. गोड पेयाची गरज फेणीलाही नाही, ती सवय बाहेरून आली. यंदा सत्तरीच्या बाजूला काजूची बोंडं कमी आली, पण जी आली ती...

संपादक_मंडळ
उर्राकाची चर्चा 'खाणंपिणं' विभागात हलवली आहे. इथे विषय वजन उतरवण्याचा आहे.

डिचोलीची_फुगडी
व्यायामाबद्दल बोलणारे सगळे पुरुष दिसतायत, मिरामार आणि जिमच्या पलीकडे कोणी जाईना. आमच्या भागात जून ते सप्टेंबर चालायला रस्ताच नसतो. पाऊस, चिखल, मोकाट कुत्री, वाऱ्याने उलटणारी छत्री. वाड्यावरच्या आम्ही बायका चवथीआधी देवळाच्या मंडपात फुगडीची तालीम करतो. स्पर्धेची फुगडी म्हणजे उठबस, गिरक्या, वाकून टाळ्या, आणि वर तोंडाने गाणं. बसून खेळायची तर मांड्यांचा पार भुगा. जिमवाल्या दादांनी एक फेरी घालून दाखवावी. आमच्यात साठीच्या काकी आहेत, त्या दम न लागता गातात. चवथ संपली की मात्र सगळ्या घरी बसतात, हेच वाईट. मग नेवऱ्या (करंज्या) कुठे जिरणार?

जिम_म्हापसा
ताई, फुगडीला हात जोडले. बसून खेळायची फुगडी म्हणजे स्क्वॉटच झाले की. वर्षभर चालू ठेवा, आठवड्यातून दोनदा. मी गंमत करत नाही.

मिरामार_सकाळ
म्हणजे त्यांची फुगडी व्यायाम आणि आमचं चालणं गप्पा?

जिम_म्हापसा
फुगडीत तोंडाने गाणं म्हणतात, जावयाची उणीदुणी काढत नाहीत.

औषधवाला_डिचोली
दुकानात हल्ली सगळ्यात जास्त विचारणा वजन उतरवायच्या इंजेक्शनची होते. २०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोव्ही भारतात आली तेव्हापासून लग्नाआधी 'एखादा महिना घेऊ' म्हणणारेही येतात. चिठ्ठी नसेल तर देत नाही. डॉक्टरांनी यावर लिहावं.

ओपीडीनंतर
औषधं प्रभावी आहेत यात शंका नाही. भूक कमी होते, पोट सावकाश रिकामं होतं. बीएमआय बराच जास्त असेल किंवा सोबत मधुमेह असेल तर त्यांचा खरा उपयोग आहे. पण मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ होऊ शकतं, आणि औषध थांबवलं की बरंचसं वजन परत येतं. शिवाय खाणं एकदम घटलं की स्नायूही जातात, तेव्हा प्रोटीन आणि वजनं उचलणं तिथेही सुटत नाही. लग्नाच्या फोटोसाठी हे औषध नव्हे. ज्यांना खरी गरज आहे त्यांनी मात्र लाजू नये. लठ्ठपणा हा आजार आहे, आळशीपणाचं प्रमाणपत्र नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के बायका जादा वजनाच्या निघाल्या, गोव्यात हे प्रमाण एक तृतीयांशाहून जास्त. एवढ्या सगळ्या बायका आळशी आहेत, असं म्हणणाऱ्याने एक दिवस त्यांचं घर चालवून बघावं.

बांदोड्याची_सून
शेवटच्या वाक्याला शंभर टाळ्या.

फोंडेकर
डॉक्टर, माझा मुद्दा अजून तोच आहे. चालून काटा हलत नाही.

ओपीडीनंतर
काटा हलला नाही तरी रक्तदाब, साखर, झोप आणि कमरेचा घेर सुधारू शकतो. काट्याचंच म्हणाल तर वजनाच्या पाच ते दहा टक्के उतरले तरी त्या सगळ्यांत फरक दिसतो. ऐंशी किलोच्या माणसाला चार ते आठ किलो. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी खूप. लोक मनात कॉलेजातलं वजन धरून बसतात आणि महिन्याभरात सोडून देतात.

मांडवीकाठ
सगळ्यांना देव बरें करूं. तपासण्या केल्या. थायरॉइड ठीक आहे, हिमोग्लोबिन बरंच खाली आलंय, गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी विचारलं, दिवसभरात मासे-अंडी-कडधान्य किती? हिशोब केला तर दुपारची एक तुकडी, बास. म्हणून रात्री वाटीभर उकड्या तांदळाची पेज परत आणली आहे, सोबत अंडं किंवा अळसांदे. घरी पाण्याच्या बाटल्या भरून त्याच उचलतेय, शिवाय खुर्चीवरून हात न टेकता उठबस. आल्तिन्होचा चढ आता निदान मधे न थांबता होतो.

ह्यांना फोंडेकरांचा हिशोब वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, मिर्ची मी अर्धीच खातो, उरलेली शेजारचा खातो. शेजारच्याची बायको हा धागा वाचत असेल तर माझ्याशी बोलावं.

मिरामार_सकाळ
कृपया गटातल्या गोष्टी बाहेर नेऊ नयेत.

काणकोणची_मावशी
उशिरा वाचते आहे. माझे गुडघे दुखतात, वजन ऐंशीच्या पुढे. चालायला सांगतात, पण चाललं की रात्री झोप नाही. उठबस तर सोडाच. आमच्यासारख्यांनी काय करायचं?

ओपीडीनंतर
मावशी, आधी गुडघे दाखवून घ्या. तोवर खुर्चीत बसून एकेक पाय सरळ करायचा, पाच मोजेपर्यंत धरायचा, खाली सोडायचा. मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार हलका होतो. चालणं एकदम तासभर नको, दिवसातून तीन-चारदा दहा-दहा मिनिटं, सपाट जागेवर, चपलेऐवजी बूट घालून. आणि तुमच्या बाबतीत ताटाचं काम आधी. चार-पाच किलो उतरले तरी गुडघ्यांना जाणवतं. पाण्यात चालणं, पोहणं जमत असेल तर सगळ्यात उत्तम.

काणकोणची_मावशी
समुद्र घरापुढे आहे, पण पावसात कोण उतरणार? पणजीला लेकीकडे येऊन-जाऊन असते. तिथे काही सोय?

फोंडेकर
कांपालला सरकारी जलतरण तलाव आहे. बायकांची वेळ, शुल्क आणि शिकवणारी बाई आहे का, हे लेकीला आधी तिथे जाऊन विचारायला सांगा. पोहण्याचा कपडा आणि टोपी लागेल. पोहून बाहेर आल्यावर भूक सपाटून लागते, तेव्हा सोबत डब्यात उकडलेले चणे किंवा अंडी असू द्या.